दातासाठी बायबलमधला हिब्रू शब्द ‘शेन’: अर्थ, रूपं आणि वाचायची रीत

‘बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले.’ बायबलमधल्या यहेज्केलच्या पुस्तकातल्या अठराव्या अध्यायातली ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कच्ची कैरी दातांनी फोडलेली असली की पुरे. मी मात्र हिब्रू शिकायला बसलो तो इंग्रजी पुस्तकांच्या वाटेने, आणि या वाक्यावरचं तिथलं लांबलचक स्पष्टीकरण वाचताना वाटलं, अरे, हे तर आपल्या घरात तयार आहे! पुढे दातासाठीचा ‘शेन’ हा शब्द जिथे जिथे भेटला, तिथे तिथे मराठी आधी धावून आली. म्हणून हा लेख मराठीच्याच वाटेने.

हिब्रू बायबलमध्ये ‘शेन’ सुमारे 55 वेळा येतो. जेम्स स्ट्राँग यांच्या शब्दसूचीत त्याचा क्रमांक 8127. ऑनलाइन बायबल-साधनांत हा आकडा टाकला की सगळी वचनं समोर येतात. खाली दिलेले वचन-क्रमांक मराठी बायबलप्रमाणे आहेत. हिब्रू प्रतीत कित्येक स्तोत्रांचं शीर्षक हेच पहिलं वचन धरतात, त्यामुळे स्तोत्र 3:7 तिथे 3:8 होतं. गीतरत्नाच्या सातव्या अध्यायातही एकाचा फरक पडतो. क्रमांक जुळेना म्हणून घाबरू नका, एक वचन पुढे बघा.

पहिली पायरी: शब्द डोळ्यांनी ओळखा

शब्दात अक्षरं दोनच, शिन आणि नून. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा उजवीकडे तीन दात्यांच्या फणीसारखं दिसतं ते शिन. त्याच्या उजव्या टोकावर टिंब असेल तर उच्चार ‘श’, डाव्या टोकावर असेल तर ‘स’. नंतरचा नून शब्दाच्या शेवटी असल्यामुळे सरळ दांडीसारखा ओळीखाली उतरतो. शिनच्या पोटाखाली शेजारी शेजारी दोन टिंबं असतात, तो दीर्घ ‘ए’. झालं: शेन.

शिन अक्षराचं नाव आणि दाताचा शब्द सारखे ऐकू येतात, शिवाय अक्षर दातेरी दिसतं, म्हणून ‘शिन म्हणजे दात’ असं सर्रास सांगतात. लक्षात ठेवायला छान आहे. पण हे अक्षर मुळात कशाचं चित्र होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, तेव्हा त्यावर प्रवचन रचू नका.

दुसरी पायरी: लपलेला दुसरा ‘न’ शोधा

या शब्दाची किल्ली इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

मराठीत ‘मीठ’ म्हणतो पण ‘मिठाचा’ लिहितो. ‘फूल’, पण ‘फुलाला’. प्रत्यय लागायच्या आधी शब्द आपलं रूप बदलतो आणि दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणायला शिकवलं होतं. ‘शेन’चं नेमकं असंच होतं. एकटा असताना ‘शेन’, पुढे काही जोडलं की ‘शिन्न-’. ‘त्याचा दात’ म्हणजे ‘शिन्नो’. ‘दात’ अनेक असले की ‘शिन्नयिम’.

कारण असं, की शब्दाचं जुनं रूप ‘शिन्न’ होतं, दोन न असलेलं. हिब्रूला शब्दाच्या अगदी शेवटी जोड व्यंजन पेलत नाही. एक न गळतो आणि आघात असलेला ‘इ’ ताणून ‘ए’ होतो. पुढे प्रत्यय आला की न शेवटचा राहत नाही, मग गळलेला भाऊ परत येतो आणि ‘ए’ पुन्हा ‘इ’ होतो. लिहिताना हा दुहेरी न दोनदा लिहीत नाहीत. नूनच्या पोटात एक टिंब देतात, त्याला दागेश म्हणतात. देवनागरीत ‘न्न’ लिहिलं की सगळं उघड दिसतं, रोमन लिपीत शिकणाऱ्यांना हे सुख नाही.

ही एक गोष्ट पक्की झाली तर एका दगडात पाच-सहा पक्षी. ‘लेव’ म्हणजे हृदय, ‘लिब्बो’ त्याचं हृदय. ‘एम’ म्हणजे आई, ‘इम्मो’ त्याची आई. ‘एझ’ म्हणजे शेळी, ‘इझ्झीम’ शेळ्या. ‘हेत्स’ म्हणजे बाण, ‘हित्सीम’ बाण अनेक, तिथेही त्सच्या पोटात टिंब आहे. सगळी एकाच साच्यातली मंडळी.

हिब्रूच्या नात्यातल्या अरबीत दाताला ‘सिन्न’ म्हणतात, तर अक्कडी या प्राचीन मेसोपोटेमियाच्या भाषेत ‘शिन्नु’. तिथे दोन्ही न उघड्यावर आहेत. दानीएलच्या पुस्तकातला काही भाग अरामी भाषेत आहे. तिथल्या चौथ्या श्वापदाला (7:7) लोखंडाचे ‘शिन्नयिन’ आहेत. हिब्रूचा शेवटचा म अरामीत न झाला, बाकी शब्द तोच.

तिसरी पायरी: लिंग आणि वचन

मराठीत दात पुल्लिंगी. हिब्रूत तो स्त्रीलिंगी, कारण शरीराचे जोडीने येणारे अवयव (हात, पाय, डोळा, कान) तिथे बहुतेक स्त्रीलिंगीच असतात. पण दात कुठे जोडीने येतात? व्याकरणकार सांगतात, वरची एक ओळ आणि खालची एक. ‘शिन्नयिम’मधला ‘-अयिम’ हा द्विवचनाचा प्रत्यय आहे. संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन नवं नाही. फरक असा, की हिब्रूत दातांचं द्विवचन हेच अनेकवचनाचंही काम करतं, दात कितीही असोत.

याचा पुरावा मजेशीर ठिकाणी मिळतो. 1 शमुवेल 2:13 मध्ये शिलो इथल्या याजकाचा नोकर मांस शिजत असताना एक काटा घेऊन येतो आणि भांड्यात खुपसतो. काट्याचं वर्णन आहे ‘शलोश हश्शिन्नयिम’, तीन दात्यांचा. आकडा तीन आणि नाम द्विवचनी! शिवाय ‘शलोश’ हे तीनचं रूप स्त्रीलिंगी नामांबरोबर येणारं आहे, पुल्लिंगी नाम असतं तर इथे ‘शलोशेत’ आलं असतं. एका काट्याने लिंग आणि वचन दोन्ही टोचून दाखवली.

अपवाद 1 शमुवेल 14:5 मध्ये आहे. तिथे ‘हश्शेन हाएहाद’, म्हणजे ‘एक शेन’, आणि ‘एहाद’ पुल्लिंगी आहे. तो दात तोंडातला नाही, दगडाचा आहे. त्याकडे पुढे वळू.

चौथी पायरी: ‘चा-ची-चे’ कुठे गेलं?

‘राजाचा दात’ म्हणताना मराठी माणूस ‘राजा’ला प्रत्यय लावतो. हिब्रू उलटं करते. मालकाला हात लावत नाही, मालकीच्या वस्तूचं रूप आवळते आणि दोन्ही शब्द नुसते शेजारी ठेवते. एकवचनात ‘शेन’ शेनच राहतो. कधी पुढच्या शब्दाला लहानशा आडव्या रेघेने जोडला जातो आणि दीर्घ ‘ए’ ऱ्हस्व होतो. मग दोन टिंबांच्या जागी तीन टिंबांचा त्रिकोण दिसेल. अनेकवचनात ‘शिन्नयिम’चं ‘शिन्ने’ होतं. ‘शिन्ने रशाईम’ म्हणजे दुष्टांचे दात (स्तोत्र 3:7, जिथे देव ते पाडतो).

सर्वनामं शेपटीसारखी चिकटतात. प्रत्यक्ष मजकुरात भेटणारी रूपं अशी:

शिन्नो: त्याचा दात (निर्गम 21:27)
शिन्नाय: माझे दात (ईयोब 19:20)
शिन्नयिख: तुझे दात, स्त्रीला उद्देशून (गीतरत्न 4:2)
शिन्नाव: त्याचे दात (ईयोब 16:9)
शिन्नेहेम: त्यांचे दात (गणना 11:33)
शिन्नेमो: त्यांचे दात, पण कवितेतलं जुन्या वळणाचं रूप (स्तोत्र 58:6)

घोकत बसू नका. ‘शिन्न’ दिसलं की दात, आणि शेपटीवरून मालक.

सापळा मात्र एक आहे, आणि त्यात मी बरेचदा पडलोय. स्वरचिन्हं काढून टाकली तर शिन-नून-योद-मेम ही चार अक्षरं ‘शिन्नयिम’ (दात) असू शकतात, ‘श्नयिम’ (दोन) असू शकतात किंवा ‘शानीम’ (वर्षं) असू शकतात. शिन-नून-योद तर ‘दात-चे’, ‘दोन-चे’, ‘दुसरा’ आणि ‘किरमिजी रंग’ यांपैकी काहीही. खूण साधी आहे. शिनखाली एक टिंब आणि नूनच्या पोटात एक टिंब, दोन्ही असतील तर दात. नूनचं पोट रिकामं असेल तर पुन्हा वाचा.

पाचवी पायरी: एका शब्दाची चार मराठी घरं

‘शेन’चा अर्थ ‘दात’ लिहून वही मिटली तर बरीच वचनं चुकतील. मराठीत या एका शब्दासाठी किमान चार शब्द लागतात: दात, दाता, सुळका आणि हस्तिदंत.

तोंडातल्या दाताचं सर्वांत प्रसिद्ध वचन निर्गम 21:24, ‘शेन तहत शेन’. ‘तहत’ म्हणजे खाली, आणि त्यावरून ‘च्या जागी, च्या बदल्यात’. अनुवाद 19:21 मध्ये तेच ‘शेन बशेन’ आहे. तिथला ‘ब’ आपण ‘शंभराला दिलं’ म्हणतो त्या ‘ला’सारखा, किंमत सांगणारा. लोक इथेच थांबतात आणि सुडाचा कायदा म्हणून मान हलवतात. तीन वचनं पुढे जा. मालकाने दासाचा किंवा दासीचा दात पाडला तर ‘तहत शिन्नो’, त्या दाताच्या बदल्यात, त्याला मोकळं सोडायचं. प्राचीन बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतलं 200वं कलम बरोबरीच्या माणसाचा दात पाडणाऱ्याचा दात पाडतं, पण 201व्या कलमात खालच्या दर्जाच्या माणसाचा दात एक तृतीयांश मिना (वजनाचं जुनं माप) चांदीत फिटतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय निर्गमातल्या त्या ‘शिन्नो’चं वजन कळत नाही.

दुसरं घर अवजारांचं. फणीचे, करवतीचे असतात ते दाते. शिलोच्या काट्याचे तसेच.

तिसरं घर मला सर्वांत आवडतं. 1 शमुवेल 14:4 मध्ये शौल राजाचा मुलगा योनाथान आपल्या शस्त्रवाहकाला घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्याकडे निघतो. मिखमाश आणि गेबा यांच्यामधल्या खिंडीत या बाजूला एक ‘शेन हस्सेला’ आणि त्या बाजूला एक ‘शेन हस्सेला’, शब्दशः खडकाचा दात. एकाचं नाव बोसेस, दुसऱ्याचं सेने. सह्याद्रीत भटकणाऱ्याला याचं भाषांतर विचारा, तो क्षणात सांगेल: सुळका! सुळा आणि सुळका यांचं नातं कानालाच कळतं. ईयोब 39:28 मधला गरुडही ‘शेन सेला’वरच, सुळक्यावर, रात्र काढतो. आणि योनाथानाच्या गोष्टीत ‘एक’ पुल्लिंगी का आला याचा सरळ अंदाज हा, की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दात नव्हता, कडा होता. 1 शमुवेल 7:12 मध्ये शमुवेल मिस्पा आणि ‘हश्शेन’ यांच्यामध्ये दगड उभा करतो. तिथे ‘शेन’ हे गावाचं किंवा जागेचं नाव आहे, आधीचा ‘ह’ म्हणजे ‘तो, ठरावीक’. असं नाव बहुधा अशाच एखाद्या सुळक्यावरून पडलं असावं.

चौथं घर हस्तिदंताचं. आपल्या शब्दात हत्ती आणि दात दोघेही आहेत, हिब्रूत बहुतेक वेळा नुसता दात. शलमोनाचं सिंहासन ‘किस्से शेन’ (1 राजे 10:18), इस्राएलचा राजा अहाब याचा ‘बेत हश्शेन’ (1 राजे 22:39), आणि संदेष्टा आमोस याच्या पुस्तकातले (6:4) ‘मित्तोत शेन’, ज्यांवर श्रीमंत लोळतात ते पलंग. हस्तिदंताचं घर म्हणजे भिंतीच हस्तिदंताच्या नव्हेत. अहाबाची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात 1930च्या दशकात कोरीव हस्तिदंताचे असंख्य तुकडे मिळाले. लाकडी सामानावर जडवायची कारागिरी ती. आमोसाचा राग कशावर होता ते त्या तुकड्यांकडे पाहिलं की समजतं.

दात की हस्तिदंत, हे ठरवायला माझा काम भागवणारा नियम असा: ‘शेन’ एकवचनी असून जोडीत दुसरा आला आणि पहिला शब्द घर, आसन, पलंग, मनोरा असा असेल, तर बहुधा हस्तिदंत. ‘शेन’ पहिला आला तर दात किंवा सुळका, पुढचा शब्द बघून ठरवा. गीतरत्न 7:4 मधला ‘मिग्दल हश्शेन’ म्हणजे हस्तिदंती मनोरा. आज आपण तो जगापासून तुटलेल्या विद्वानांसाठी वापरतो, मुळात तो प्रेयसीच्या मानेचं वर्णन आहे.

1 राजे 10:22 मध्ये हस्तिदंतासाठी वेगळाच शब्द आहे, ‘शेनहब्बीम’. तार्शीशची जहाजं तीन वर्षांतून एकदा सोनं, रुपं, शेनहब्बीम, ‘कोफीम’ आणि ‘तुक्कीयीम’ आणत. कोफीम म्हणजे माकडं, आणि त्याचा संस्कृत ‘कपि’शी, तर तुक्कीयीमचा (मोर) तमिळ ‘तोकै’शी संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. ‘हब्बीम’मध्ये काहींना संस्कृत ‘इभ’, म्हणजे हत्ती, दिसतो, तर काहींना इजिप्तचा शब्द. आपल्याकडे असं काही सापडलं की छाती फुगते, पण निकाल लागलेला नाही.

सहावी पायरी: एक वचन शब्दाशब्दाने सोडवा

आता सुरुवातीची म्हण, यहेज्केल 18:2: ‘आवोत योख्लू वोसेर, वशिन्ने हब्बानीम तिकहेना.’

‘आवोत’ म्हणजे बाप. ‘-ओत’ हा प्रत्यय सहसा स्त्रीलिंगी, पण बाप पुल्लिंगीच. ‘योख्लू’ म्हणजे खातात. यिर्मया 31:29 मध्ये हीच म्हण ‘आख्लू’ अशी आहे, खाल्ली. ‘वोसेर’ मुळात ‘बोसेर’, आधीच्या स्वरामुळे ब मऊ होऊन व झाला. अर्थ आंबट जातीची द्राक्षं नव्हे, न पिकलेली, कच्ची द्राक्षं. ‘व’ म्हणजे आणि. ‘शिन्ने’ चौथ्या पायरीवरून ओळखीचा: दात-चे. ‘हब्बानीम’: मुलांचे. ‘तिकहेना’ हे क्रियापद स्त्रीलिंगी अनेकवचनी, कारण कर्ता दात आहेत, मुलं नाहीत. मुलं असती तर क्रियापद पुल्लिंगी आलं असतं.

या क्रियापदाचा धातू ‘काहा’, बोथट होणे. उपदेशक 10:10 मध्ये लोखंडाची धार गेली तेव्हाही हाच. दुसरीकडे ‘शानन’ धातूचा अर्थ धार लावणे, आणि कित्येक कोशकार ‘शेन’ त्याच्याशी जोडतात. स्तोत्र 64:3 मधले दुष्ट आपली जीभ तलवारीसारखी ‘शानन’ करतात. म्हणजे हिब्रू कानाला दात हे पातं आहे आणि कच्च्या द्राक्षांनी ते बोथट होतं. मराठीने तोच अनुभव चवीतून पकडला. भाषांतरात ‘बोथट झाले’ लिहिलं तर शब्द बरोबर आणि वाक्य मेलेलं. ‘आंबले’च हवं.

हाच ‘शानन’ अनुवाद 6:7 मध्येही आहे असं परंपरा मानते: ‘वशिन्नंताम’, या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवा. हे वचन ज्यूंच्या रोजच्या शेमा प्रार्थनेच्या पहिल्या परिच्छेदात येतं. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाला, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, ही प्रार्थना जवळची. त्यांच्यासाठी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं होतं. आणि केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. तेव्हा मराठीच्या वाटेने हिब्रूकडे जाणं ही काही माझी टूम नाही.

सातवी पायरी: वाक्प्रचार शब्दशः घेऊ नका

आमोस 4:6 मध्ये देव म्हणतो, मी तुम्हाला ‘निक्योन शिन्नयिम’ दिलं, दातांची स्वच्छता. टूथपेस्टची जाहिरात वाटते, आहे दुष्काळ. पुढच्याच तुकड्यात ‘भाकरीची वाण’ आहे, त्यावरून अर्थ लागतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, इथे तर कोरायलाही काही नाही.

‘हारक शेन’ म्हणजे दात खाणे, आपण रागाने दातओठ खातो तेच (स्तोत्र 37:12). ईयोब 19:20 मध्ये ईयोब ‘बओर शिन्नाय’, माझ्या दातांच्या कातडीनिशी, निसटलो म्हणतो. दातांना कातडी कुठली? कुणी हिरड्या म्हणतात, कुणी म्हणतात मुद्दाच तो, की काहीही उरलं नाही. मराठी करताना मी ‘दातांची कातडी’ तशीच ठेवतो, कारण ईयोबाचं वाक्य विचित्र आहे आणि ते विचित्रच ऐकू यायला हवं.

गीतरत्न 7:9 च्या शेवटी हिब्रूत ‘झोपलेल्यांचे ओठ’ आहेत, ‘सिफ्ते यशेनीम’. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र ‘माझे ओठ आणि दात’. दुसऱ्या पायरीवरचा ‘शिन्न’ आठवा: ‘यशेनीम’ आणि ‘वशिन्नाय’ यांच्यात अक्षरांचा फरक इतका थोडा, की कुणातरी नकलकाराची नजर किंवा कान चुकला असणार. कुणाचा, ते ठरवणं कठीण.

सरावाला योएल 1:6 घ्या: ‘शिन्नाव शिन्ने आर्ये’. पहिल्याला शेपूट आहे, दुसऱ्याला नाही, त्याच्यापुढे सिंह उभा आहे. त्याचे दात सिंहाचे दात. तिथेच पुढे ‘मतल्लओत’ हा शब्द येतो, दाढा किंवा जबड्याचे सुळे, म्हणजे सगळेच दात ‘शेन’ नसतात.

आणि उपदेशक 12:3 मध्ये तर दाताचं नावच नाही. म्हातारपणाच्या त्या वर्णनात ‘दळणाऱ्या’ थोड्या उरल्या म्हणून थांबतात. जात्यावर बसलेल्या बायका, आणि त्या म्हणजे दाढा. 8127 हा क्रमांक टाकून हे वचन कितीही शोधलं तरी सापडणार नाही.